हाफकिन : आधीं आपल्या अंगावर

मुंबईंत परळच्या बाजूला उतरलेल्या कोणाहि माणसाला "हाफकिन कोठें आहे?" असें विचारलें तर तो बोट दाखवून वाट सांगेल. पण "हाफकिन कोण होता?" असें विचारलें तर दहांतले नऊ जण बुचकळ्यांत पडतील. आमच्या रिसोडकडील शेतकऱ्यांच्या कानांवरून हें नांव सर्पदंशावरील औषधामुळें गेलेलें असतें; शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस तें लहान मुलांच्या पोलिओच्या थेंबांमुळें ठाऊक असतें. एखाद्या माणसाचें नांव त्याच्या कामांत असें विरघळून जावें हें त्या कामाचें मोठेपण खरें. पण माणूस मात्र त्यांत हरवतो. त्या हरवलेल्या माणसाची आज ओळख करून देण्याचा माझा विचार आहे. मी कांहीं वैद्य नव्हे, शास्त्रज्ञहि नव्हे. आयुष्यभर शाळेंत मुलांना इतिहास शिकविला एवढेंच. तेव्हां एका माणसाचें चरित्र आणि त्यांतून उभा राहणारा एक प्रश्न, इतकेंच आपल्यापुढें ठेवणार आहें.

आजार एकदां येऊन गेला कीं कित्येकदां तो पुन्हां येत नाहीं, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांस चांगली ठाऊक होती. ज्याला देवी येऊन गेल्या त्याला दुसऱ्या देवीच्या रोग्याजवळ निर्धास्तपणें बसवीत असत. या अनुभवाचें शास्त्र करण्याचा पहिला मान इंग्लंडांतील एडवर्ड जेन्नर या खेडेगांवच्या वैद्याकडे जातो. गाईच्या देवीचा पू टोचला असतां माणसास खऱ्या देवी येत नाहींत, हें त्यानें १७९६ सालीं दाखवून दिलें. आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं, १४ जून १८०२ रोजीं, मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ही देवी काढण्यांत आली. हिंदुस्थानांत टोचलेली ती पहिली लस होय. पुढें फ्रान्समध्यें लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस काढली. पण शरीराच्या आंत नेमकें काय घडतें, या प्रश्नाचें उत्तर तेव्हां कोणापाशींहि नव्हतें.

तें शोधणाऱ्यांत इल्या मेच्निकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ अग्रेसर होता. १८८२ सालीं सिसिलींतील मेसिना येथें त्यानें तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगांत गुलाबाचा कांटा टोंचून पाहिला. दुसऱ्या दिवशीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतो तों त्या कांट्याभोंवतीं शरीरांतील फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! चोर शिरला म्हणजे गांवकरी काठ्या घेऊन धांवून येतात, तशाच या पेशी परक्या वस्तूवर धांवून येतात, आणि ती खाण्याजोगी असली तर गिळून टाकतात, असा सिद्धान्त त्यानें मांडला. याच कामासाठीं १९०८ सालीं त्याला पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर लस म्हणजे या गांवकऱ्यांना चोराचा चेहरा आधींच दाखवून ठेवणें होय. खरा चोर आला तर त्याला ओळखण्यांत वेळ जात नाहीं.

या मेच्निकॉव्हचा विद्यार्थी म्हणजेच आपला चरित्रनायक वाल्देमार मॉर्दकै हाफकिन. त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्रावरील ओडेसा या बंदरांत, एका यहुदी कुटुंबांत झाला. ओडेसा त्या वेळीं रशियाच्या झारच्या साम्राज्यांत होतें. आज तें युक्रेन देशांत आहे. त्या काळीं रशियांत यहुद्यांची स्थिति मोठी बिकट होती. त्यांच्या वस्त्यांवर दंगेखोरांचे हल्ले होत, आणि सरकारी नोकऱ्यांचीं दारें त्यांना बहुतेक बंद असत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या संरक्षणाकरितां उभे राहिले, जखमी झाले, पकडलेहि गेले. मेच्निकॉव्ह यांनीं रदबदली केली म्हणून ते सुटले. विद्यापीठांतील अध्यापकाची जागा मिळवावयाची तर धर्म सोडावयास हवा होता. तो त्यांनीं सोडला नाहीं, आणि म्हणून त्यांना जागाहि मिळाली नाहीं. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयांत कांहीं वर्षें काम करून १८८८ सालीं त्यांनीं मातृभूमि सोडली. प्रथम ते स्वित्झर्लंडांत जिनीव्हास गेले. तेथून १८८९ सालीं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें आले. तेथें मेच्निकॉव्ह अगोदरच पोंचले होते. पण शिष्यासाठीं शास्त्रज्ञाची जागा कोठें शिल्लक होती? मिळाली ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. दिवसां पुस्तकें लावावयाचीं आणि उरल्या वेळांत प्रयोगशाळेंत जंतु वाढवावयाचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या वेळीं युरोपांत पटकीनें थैमान घातलें होतें. हाफकिन यांनीं पटकीच्या जंतूंचा ध्यास घेतला. एका प्राण्याच्या पोटांतून दुसऱ्या प्राण्याच्या पोटांत असे जंतु नेत नेत त्यांनीं ते अधिक जहाल केले. दुसरीकडे उष्णता आणि हवा यांच्या योगानें कांहीं जंतु निर्बल केले. आधीं निर्बल जंतूंची आणि मागाहून जहाल जंतूंची, अशा दोन टोंचण्यांनीं ससे व गिनीपिग पटकीपासून वांचतात असें त्यांना आढळलें. पण माणसाचें काय? १८ जुलै १८९२ रोजीं हाफकिन यांनीं ती लस स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलें, आणि कांहीं दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनीं आपलें संशोधन पॅरिसच्या जीवशास्त्र-मंडळापुढें मांडलें.

गंमत अशी कीं, ही लस घ्यावयास स्वतः त्यांचा देश तयार नव्हता. तेव्हां पॅरिसमध्यें इंग्लंडचे वकील म्हणून लॉर्ड डफरिन होते. हेच १८८४ ते १८८८ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पटकीचें माहेरघर जो बंगाल, तेथें जाऊन आपल्या लशीची परीक्षा पाहा, असें त्यांनीं सुचविलें. मार्च १८९३ मध्यें हाफकिन कलकत्त्यास उतरले. जन्मानें रशियन, धर्मानें यहुदी, वैद्यकाची पदवी नाहीं, आणि हातांत जंतूंची कुपी! इंग्रज डॉक्टर त्यांच्याकडे संशयानें पाहत, आणि आपले लोक त्याहून अधिक संशयानें. लोकांचें भय मोडावें म्हणून ते लोकांदेखत स्वतःला टोंचून घेत. पुढें चौधरी, घोष, चटर्जी व दत्त या भारतीय डॉक्टरांची साथ त्यांना मिळाली, आणि तेव्हांपासून वस्त्यांतील दारें उघडूं लागलीं.

१८९४ च्या मार्चमध्यें कलकत्त्याच्या कट्टलबागान या गरीब वस्तींत पटकीनें दोन माणसें दगावलीं. तेथील सुमारें दोनशें रहिवाशांपैकीं ११६ जणांना हाफकिन यांनीं लस टोचली. त्यानंतर त्या वस्तींत आणखी दहा जणांना पटकी झाली आणि त्यांतील सात मेले. हे दहाहि जण न टोंचलेल्यांपैकीं होते. एकच विहीर, एकच गल्ली, एकच दारिद्र्य, आणि फरक काय तो एका टोंचणीचा! अशी तुलना करून पाहण्याची दृष्टि हेंच हाफकिन यांचें मोठें वैशिष्ट्य. केवळ "अमुक इतक्यांना टोचलें" असें सांगून ते थांबत नसत. न टोंचलेल्यांचें काय झालें, तेंहि मोजीत. दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थानांत सुमारें ४२,००० माणसांना त्यांनीं लस दिली. त्यांत हिंवतापानें स्वतः अंथरूण धरलें आणि १८९५ सालीं त्यांना विलायतेस परतावें लागलें. १८९६ सालीं ते पुन्हां आले, आणि आतां गांठ पडावयाची होती ती मुंबईशीं.

हाँगकाँगहून जहाजांच्या मार्गानें निघालेला गांठीचा रोग १८९६ च्या सप्टेंबरमध्यें मुंबईच्या मांडवी भागांत प्रकट झाला. डॉ. ॲकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं तो प्रथम ओळखला. आठ लाख वस्तीच्या त्या शहरांत हाहाकार उडाला. आधीं गोदामांत उंदीर पडावे, मग माणसें पडावींत. कांखेंत किंवा जांघेंत गांठ, भयंकर ताप, आणि चार-दोन दिवसांत शेवट. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेतीन लाखांहून अधिक लोक शहर सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या. जे पळाले त्यांच्या गांठोड्यांतून रोगहि खेड्यांत पोंचला. आमचा वऱ्हाडहि त्यांतून सुटला नाहीं. रिसोड त्या वेळीं बाशीम जिल्ह्यांत होतें. तो जिल्हा १९०५ सालीं मोडून अकोल्यांत घातला गेला, आणि १९९८ सालीं वाशीम म्हणून पुन्हां वेगळा झाला. उंदीर पडले कीं गांव मोकळें करावयाचें, शेतांत पऱ्हाट्यांच्या झोपड्या घालून राहावयाचें, आणि गांवांतून कोणी हाक मारली तर ओ देखील द्यावयाची नाहीं, या गोष्टी मीं माझ्या आजोबांच्या तोंडून लहानपणीं ऐकलेल्या आहेत. त्या सांगतांना एरवीं मोठ्यानें बोलणारे आजोबा आवाज खालीं आणीत, एवढें मला पक्कें आठवतें.

ऑक्टोबर १८९६ मध्यें हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेंत त्यांना एक खोली व एक ओसरी, एक कारकून आणि तीन पट्टेवाले एवढा सरंजाम मिळाला. रोगाचा जंतु यर्सिन यांनीं १८९४ सालीं हाँगकाँगला शोधून काढलेला होता. आतां तो विपुल वाढवावयाचा आणि मारून टोचावयाचा, हें काम होतें. येथें हाफकिन यांनीं एक मोठी युक्ति केली. मांसाच्या अर्कानें भरलेल्या काचेच्या चंबूंत त्यांनीं आपल्याकडील साजूक तुपाचे थेंब सोडले. तूप वर तरंगे, आणि त्याच्या खालच्या अंगाला जंतूंचीं झुंबरें लोंबूं लागत. चंबू हलविला कीं झुंबरें तळाशीं जात, आणि तुपाखालीं नवीं धरत. कित्येक आठवडे असें वाढविल्यावर तें मिश्रण तासभर तापवून जंतु ठार करावयाचे, आणि मग त्यांत थोडें कार्बोलिक आम्ल घालावयाचें. जंतु मेला तरी त्याची ओळख शिल्लक राहते. आणि शरीराला सावध करण्यास ती ओळख पुरेशी होते. पटकीच्या लशींत जिवंत जंतु होते. ही लस मेलेल्या जंतूंची होती. रोगाच्या भीतीवांचून रोगाची ओळख, असें हें तत्त्व. आज जगांत ज्या अनेक लशी मेलेल्या जंतूंपासून होतात, त्यांच्या पूर्वजांत ग्रँट मेडिकल कॉलेजांतील हा तुपाचा चंबूहि आहे.

कामाचा ताण असा कीं, एका मदतनिसाचें मन खचलें आणि दोघे सोडून गेले. हाफकिन मात्र तीन महिने हटले नाहींत. डिसेंबरांत सशांवर लस यशस्वी झाली. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं स्वतःच्या अंगांत १० घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. इतरांना द्यावयाचें प्रमाण ३ घनसेंटिमीटर योजलें होतें. म्हणजे लोकांना जेवढें द्यावयाचें त्याच्या तिपटीहून अधिक आपण आधीं घेतलें. जबर ताप भरला, पण ते उठून उभे राहिले. मग कॉलेजांतील मंडळींपुढें त्यांनीं हकीकत सांगितली, आणि तेथल्या तेथें कित्येक जण टोंचून घेण्यास पुढें आले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. सुमारें दीडशें कैद्यांनीं लस घेतली. पावणेदोनशेंच्या आसपास कैदी तिच्यावांचून राहिले. न घेतलेल्यांपैकीं १२ जणांना रोग झाला व ६ मेले; घेतलेल्यांपैकीं दोघांना झाला, आणि मेला कोणीच नाहीं. बंदिवानाची संमति ही कितपत स्वतंत्र संमति, असा प्रश्न आज आपण विचारूं, आणि तो विचारलाहि पाहिजे. पण ज्यानें त्याच्या तिप्पट विष आधीं आपल्या अंगांत घेतलें त्याच्याकडे बोट दाखवितांना आपलें बोट थोडें थरथरतें, हेंहि कबूल केलें पाहिजे.

आतां याच काळांतील दुसरें चित्र पाहा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि सरकारच्या हातीं अनिर्बंध सत्ता आली. मुंबईंत तत्पूर्वींच, १८९६ च्या ऑक्टोबरांत, सुमारें हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तेथें नेलेला माणूस जिवंत परत येत नाहीं, अशी त्यांची समजूत होती. पुण्यांत रँडसाहेबांच्या हाताखालीं गोरे सोजीर घराघरांत शिरले, माजघरें-देवघरें तुडविलीं, बायकांची भररस्त्यांत तपासणी झाली. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंच्या पिस्तुलांनीं झाला. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची शिक्षा झाली तीहि याच प्रकरणाच्या ओघांत. त्याच पुण्यांत १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां देह ठेवला. एकाच रोगाशीं एकाच काळीं माणसें कशा वेगवेगळ्या रीतींनीं झुंजलीं, पाहा! रँड लोकांच्या दारावर लाथ मारून आंत गेला. सावित्रीबाई रोग्याला आपल्या हातांनीं उचलून दवाखान्यांत घेऊन गेल्या. आणि हाफकिन आपली बाही वर करून दाराबाहेर उभे राहिले.

ही लस लोकांनीं लगेच स्वीकारली असें मात्र नाहीं. तिनें माणूस नपुंसक होतो, जात बाटते, सरकारला प्रजा कमी करावयाची आहे, अशा नाना वावड्या उठल्या. ज्या सरकारचे सोजीर कालच चुलीपर्यंत आले, त्याच सरकारची सुई आज निरुपद्रवी कशी मानावी? लोकांच्या त्या संशयाला अडाणीपणा म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्या संशयाचा बराच भाग सरकारनें आपल्या हातांनीं पेरलेला होता. अशा वेळीं आगाखान यांनीं स्वतः चारचौघांत लस घेतली, आपल्या खोजा अनुयायांना घ्यावयास लावली, आणि प्रयोगशाळेसाठीं खुश्रू लॉज ही आपली वास्तु दिली. हुबळीस १८९८ सालीं हजारों लोकांनीं लस घेतली. मागणी वाढूं लागली, तेव्हां सरकारनें परळचा जुना गव्हर्नमेंट हाउस या कामाला दिला. मूळची जेझुइट पाद्र्यांची आणि मागाहून गव्हर्नरांच्या निवासाची ही वास्तु १० ऑगस्ट १८९९ रोजीं प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा म्हणून उघडण्यांत आली, आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. जेथें गव्हर्नराच्या मेजवान्या झडत, तेथें आतां तुपाचे चंबू हारीनें उभे राहिले.

इतकें झाल्यावर चरित्र येथेंच संपतें तर तें शाळेच्या क्रमिक पुस्तकांत शोभलें असतें. पण पुढें जें घडलें तें अधिक सांगण्यासारखें आहे.

१९०२ सालीं पंजाबांत प्लेगचा जोर झाला आणि तेथून लाखों मात्रांची मागणी आली. त्वरेनें लस तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनीं कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेनें जंतु मारण्याची पद्धति अवलंबिली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें हीच पद्धति रूढ होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मलकोवाल या गांवीं १०७ जणांना लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एका विशिष्ट बाटलींतून ज्या १९ जणांना टोंचलें, ते सर्वच्या सर्व कांहीं दिवसांत धनुर्वातानें मेले. एकोणीस माणसें! ज्यांनीं विश्वास ठेवून बाही वर केली, तींच गेलीं. या दुःखाला कोणत्याहि खुलाशानें उणेपण येत नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

चौकशी बसली. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेंतच दूषित झाली असावी आणि आम्ल वगळणें हीच चूक, असा सूर निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यांत आलें. ते विलायतेस गेले. वर्षांमागून वर्षें न्याय मागत राहिले. वैद्यकाची पदवी नसलेला परका यहुदी हा चटकन् दोष ठेवण्यास सोयीचा माणूस होता, हें तेव्हांहि कांहींच्या लक्षांत आलें होतें. फ्रान्समध्यें ड्रेफस या यहुदी लष्करी अधिकाऱ्यावर खोटा आळ आला होता. म्हणून हाफकिन यांच्या प्रकरणाला कित्येकांनीं 'छोटें ड्रेफस प्रकरण' असें नांव दिलें.

मग हळूहळू कागद बाहेर आले. मलकोवाल येथें ती बाटली उघडतांना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच बाटलीच्या बुचाला लावला गेला होता, असें नोंदीवरून दिसून आलें. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, हें आज शाळेंतील मूलहि सांगेल. शिवाय बाटली मुंबईसच नासली असती तर इतक्या दिवसांनीं उघडतांना तिला दुर्गंधि सुटावयास हवी होती, ती नव्हती. मलेरियाचा डांस शोधून काढणारे, १९०२ चे नोबेल पारितोषिकाचे मानकरी रोनाल्ड रॉस यांनीं हें प्रकरण हातीं घेतलें. लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत जुलै १९०७ मध्यें रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले. पांच वर्षें लागलीं. चिमटा पडावयास एक क्षण पुरला, आणि तो पडला होता हें मान्य व्हावयास पांच वर्षें!

ते पुन्हां हिंदुस्थानांत आले खरे, परंतु मुंबईची जागा त्यांना परत मिळाली नाहीं. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं उरलीं वर्षें काढलीं. तेथें लस तयार करण्याची सोय नव्हती. ज्याच्या हातानें लाखों मात्रा तयार झाल्या त्याचा हात असा रिकामा राहिला. १९१४ सालीं निवृत्त होऊन ते युरोपास गेले. त्यांनीं लग्न केलें नव्हतें. उत्तरायुष्यांत त्यांचें मन आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे अधिकाधिक वळलें. १९२९ सालीं त्यांनीं पूर्व युरोपांतील यहुदी विद्यालयांसाठीं आपल्या संपत्तीचा निधि केला. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान या गांवीं ते निवर्तले. त्यापूर्वीं, १९२५ सालीं, परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' असें नांव देण्यांत आलें होतें. उशिरां कां होईना, मुंबईनें आपली चूक स्वतःच्या फाटकावर लिहून दुरुस्त केली. १९३२ सालीं साहिबसिंग सोखी हे त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९६४ सालीं स्वतंत्र भारतानें हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

आतां हिशेब मांडूं या. हाफकिनच्या लशीनें प्लेग नाहींसा झाला काय? नाहीं. तिचें संरक्षण पुरें नव्हतें; तें कांहीं महिन्यांनीं ओसरत असे, आणि ताप-सूज हा त्रास तर ठरलेलाच. रोग उंदरांवरील पिसवांच्या मार्फत पसरतो हें पॉल लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं मांडलें, आणि तें सर्वमान्य व्हावयास पुढें आणखी वर्षें गेलीं. तोंवर आणि त्यानंतरहि या रोगानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. १९०३ सालीं लोकमान्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ यासहि त्यानेंच नेलें. प्लेग मागें हटला तो पुष्कळ कारणांनीं, आणि त्याचा रोगी बरा होऊं लागला तो स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें आल्यावर. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांत व सुरतेंत त्यानें पुन्हां डोकें वर काढलें, तेव्हां तो फार काळ टिकूं शकला नाहीं. मग हाफकिन यांचें श्रेय कोणतें? १८९७ ते १९२५ या काळांत मुंबईहून या लशीच्या सुमारें अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या. ज्या काळीं दुसरा कोणताच उपाय हातीं नव्हता त्या काळीं, टोंचलेल्यांपैकीं मरणाऱ्यांचें प्रमाण तिनें निम्म्याहून खालीं आणलें. ज्या घरांतील कर्ता माणूस त्यामुळें वांचला, त्या घराला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नव्हती.

श्रोतेहो, शेवटीं एक स्वतःची गोष्ट सांगतों, कारण तिच्यावांचून हें भाषण मला सुचलेंच नसतें. १६ जानेवारी २०२१ रोजीं आपल्या देशांत कोरोनाच्या लशीस प्रारंभ झाला, आणि १ मार्चपासून ती साठ वर्षांवरील सर्वांस खुली झाली. मी नुकताच साठी ओलांडलेला, निवृत्त. गांवांत थोडेंबहुत ऐकतात म्हणून आशाताईंनीं मला वस्तीवर बरोबर चलण्यास सांगितलें. मी मोठ्या उत्साहानें निघालों. जेन्नर, पाश्चर, सगळे मुखोद्गत होतेच. एका ओसरीवर एक म्हातारी बाई निवडटिपण करीत बसली होती. मीं दहा मिनिटें व्याख्यान दिलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें, सुपांतला एक खडा वेंचून बाहेर टाकला, आणि विचारलें, "गुरुजी, तुमी घेतली काय?"

मीं घेतली नव्हती. चार दिवसांनीं घेऊं, गर्दी ओसरूं द्या, इतरांना काय होतें तें पाहूं, असें माझ्या मनांत चाललें होतें. मी गप्प झालों. तिनें पुढें कांहीं विचारलें नाहीं. तिला उत्तर मिळालें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी रांगेंत जाऊन उभा राहिलों. रात्रीं ताप आला. तिसऱ्या दिवशीं पुन्हां त्या ओसरीवर गेलों आणि दंड दाखविला. ती हंसली, आणि सूप बाजूला ठेवून उठली.

त्या वर्षीं आपल्या देशांत ज्या लशी टोंचण्यांत आल्या त्यांतील कोव्हॅक्सिन ही एक लस, पुण्याच्या विषाणुसंस्थेनें वेगळ्या केलेल्या विषाणूस मारून केलेली होती. रोगाचें बीज मारावयाचें आणि त्याची ओळख शरीराला द्यावयाची, हें तत्त्व तेंच, १८९७ सालचें. तत्त्व शंभर वर्षांहून अधिक टिकलें. म्हातारीचा प्रश्न तर त्याहूनहि जुना असावा. कलकत्त्याच्या वस्तींत, मुंबईच्या चाळींत, मलकोवालच्या चावडींत, आणि आमच्या रिसोडच्या ओसरीवर तोच एक प्रश्न लोक विचारीत आलेले आहेत. शास्त्राचे पुरावे, आंकडे, सरकारचे हुकूम, या सर्वांच्या आधीं त्याचें उत्तर द्यावें लागतें. वाल्देमार हाफकिन यांनीं तें, कोणी विचारण्यापूर्वींच, १० जानेवारी १८९७ रोजीं देऊन ठेवलें होतें. मला मात्र तें द्यावयास एक दिवस उशीर झाला.